धर्मांतर आणि अंतःपरिवर्तन : पंडिता रमाबाईंच्या आध्यात्मिक शोधाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात एखाद्या व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला की समाज त्या घटनेचे वर्णन एकाच शब्दात करीत असे : 'बाटणे'. हा शब्द संबंधित व्यक्तीच्या अंतःकरणात काय घडले याविषयी काहीही सांगत नाही. तिच्या हातचे पाणी चालेल की नाही, पंक्तीत बसता येईल की नाही, एवढेच तो सांगतो. पुढे सुशिक्षितांच्या लेखनात 'धर्मांतर' हा अधिक सभ्य शब्द रूढ झाला. तथापि त्याचाही रोख बाह्य बदलाकडेच राहिला. एका समाजातून दुसऱ्या समाजात जाणे, हाच त्याचा अर्थ. ख्रिस्ती जीवनात ज्याला आध्यात्मिक परिवर्तन म्हटले जाते ते या दोन्ही शब्दांच्या पलीकडचे आहे आणि पुष्कळदा ते बाप्तिस्म्याच्या दिवशी घडतही नाही.

या भेदाचे मराठी प्रदेशातील सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८-१९२२) यांचे आहे. रमाबाईंचा अभ्यास आजवर मुख्यत्वे स्त्रीशिक्षण, विधवांचा प्रश्न आणि सनातनी-सुधारक संघर्ष या अंगांनी झाला. देवदत्त नारायण टिळक यांचे मराठी चरित्र, उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांचे संशोधन, तसेच त्यांच्या धर्मांतराकडे मतभेदाचा आविष्कार म्हणून पाहणारे गौरी विश्वनाथन यांचे विवेचन, या सर्वांनी हा अभ्यास समृद्ध केला आहे. मात्र रमाबाईंनी स्वतः आपल्या आयुष्यातील निर्णायक वळण म्हणून ज्याचा निर्देश केला ते वळण १८८३ च्या बाप्तिस्म्याचे नाही. ते त्यानंतर आठ वर्षांनी आले. ते का आले, कसे आले आणि त्याची कोणती किंमत द्यावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांचा प्रश्न

नव्या करारातील दोन ग्रीक शब्द येथे महत्त्वाचे ठरतात. पहिला 'मेटानोइया'. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द वापरला जातो. पश्चात्तापात झालेल्या चुकीबद्दलची हळहळ आहे, मागे वळून पाहणे आहे. मूळ शब्दात मात्र मनाची, विचार करण्याच्या रीतीचीच दिशा पालटणे अभिप्रेत आहे. संतपरंपरेतील 'अनुताप' आणि 'उपरती' हे दोन शब्द एकत्र ठेवले तर त्या अर्थाच्या काहीसे जवळ जाता येते. 'उपरती' या शब्दात थांबणे व परतणे या दोन्ही छटा आहेत.

दुसरा शब्द 'मेटामॉर्फोसिस' या नामाशी संबंधित क्रियापद. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मनाच्या नवीकरणाने होणाऱ्या बदलासाठी ते वापरले आहे. डोंगरावर येशूचे रूपांतर झाले त्या प्रसंगी शुभवर्तमानकारांनीही हेच क्रियापद योजले आहे. पौलाच्या वाक्यात या क्रियापदाचे रूप आज्ञार्थी असून कर्मणी आहे. 'बदला' अशी ती आज्ञा नाही. आपल्यात बदल घडू द्यावा, असा तिचा आशय आहे. हा केवळ व्याकरणाचा बारकावा नव्हे. माणसाने प्रयत्न करावा की वाट पाहावी, हा ख्रिस्ती साधनेतील जुना पेच त्या एका क्रियारूपात सामावला आहे. आणि रमाबाईंचा सारा शोध याच पेचाभोवती फिरला.

तीर्थयात्रेचा वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि त्यांनी ते मुलीला शिकविले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरू लागले. रमाबाईंच्या आठवणींतून या भटकंतीचे जे चित्र मिळते त्यात भक्तीपेक्षा हिशेब अधिक दिसतो. अमुक तीर्थी स्नान केल्याने अमुक पापाचा क्षय, अमुक क्षेत्री इतके दिवस राहिल्याने इतके पुण्य, ब्राह्मणभोजने, दानधर्म. पैसा संपला तेव्हा व्रते आणि उपवास उरले. १८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत आई, वडील व थोरली बहीण काळाच्या पडद्याआड गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास दोघेच उरले व पायी उत्तरेकडे निघाले.

१८७८ साली कलकत्त्यात त्यांचे जे स्वागत झाले आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या ज्या पदव्या मिळाल्या ती हकीकत सर्वपरिचित आहे. तेथेच घडलेला एक छोटा प्रसंग मात्र विशेष बोलका आहे. हे बहीणभाऊ एका ख्रिस्ती मेळाव्यास गेले असता उपस्थित मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात, असाच दोघांचा समज झाला. वर्षानुवर्षे मूर्तींसमोर नतमस्तक झालेल्या व्यक्तीला दुसऱ्याची उपासना किती परकी दिसू शकते, याचा हा नमुना आहे. त्याच वेळी भेट मिळालेले संस्कृत बायबलही त्यांना उलगडले नाही. भाषा ओळखीची होती, परंतु विचाराची चाल अनोळखी होती.

कलकत्त्यातच स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचली, केशवचंद्र सेन यांच्या आग्रहाने वेदांकडेही वळल्या. या वाचनातून त्यांच्या हाती जे आले ते अस्वस्थ करणारे होते. शास्त्रकारांची इतर बाबतींत कितीही मतभिन्नता असली तरी स्त्री ही स्वभावतः हीन आहे आणि तिला व शूद्राला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, याविषयी त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाशी विद्वानांचा मतभेद असू शकतो. परंतु रमाबाईंचा प्रश्न पांडित्याचा नव्हता. आयुष्यभर जमविलेले पुण्य कोणत्या खात्यात जमा झाले, असा तो रोकडा प्रश्न होता. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथील पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागले. पतीला हे फारसे रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले. तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती.

वाँटेज येथील बाप्तिस्मा

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे लेखन आणि हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्या एका वर्षातले. पुढील वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो हेतू सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे दोन प्रभाव होते. एक बुद्धीचा : नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेमिया गोऱ्हे, यांनी पत्रांद्वारे रमाबाईंच्या शंकांना दिलेली उत्तरे. काशीच्या शास्त्रपरंपरेत वाढून १८४८ साली ख्रिस्ती झालेल्या या चित्पावन पंडिताची तर्कपद्धती रमाबाईंना आपली वाटणे स्वाभाविक होते. दुसरा प्रभाव एका दृश्याचा होता. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनी चालवीत असलेल्या आश्रयगृहात 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना माणुसकीने वागविले जात असल्याचे त्यांनी पाहिले. हे कशामुळे शक्य होते, असे विचारल्यावर भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला.

विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची ही कथा रमाबाईंच्या मनाला का भिडली असावी, हे समजण्यास त्यांचे बालपण आठवावे लागते. कथेतील स्त्रीशी बोलताना येशू जातीची शिवाशीव पाळत नाही व तिच्या पूर्वायुष्यावरून तिला झिडकारत नाही, हा भाग तर उघडच आहे. परंतु त्याच संवादात ती स्त्री उपासनेच्या स्थानाचा वाद काढते. आमचा डोंगर खरा की तुमचे यरुशलेम? उत्तर मिळते ते असे, की खऱ्या उपासनेचा संबंध कोणत्याच स्थानाशी नाही. रामेश्वरापासून काश्मीरपर्यंत क्षेत्रे पायाखाली घातलेल्या आणि त्या वाटेवर माणसे गमावलेल्या स्त्रीला हे वाक्य कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करता येते. रमाबाईंच्या चरित्रकारांनी या कथेतील स्त्रीविषयक अंगावर जितका भर दिला तितका स्थानविषयक अंगावर दिलेला नाही.

असे असूनही बाप्तिस्म्याने शोध संपला नाही. भगिनी जेराल्डीन, चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील आणि रमाबाई यांच्यातील पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना धर्मांतरितेच्या कृतार्थतेचा सूर क्वचितच ऐकू येतो. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, येशूचा कुमारिकेपोटी जन्म, यांवर रमाबाई वाद घालतात. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, असे विचारतात. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्या संतापतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकून दुसऱ्या पुरोहितवर्गाचे मानेवर घेण्यास आपण आलो नाही, हा त्यांच्या उत्तरांचा आशय. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. त्यांचे म्हणणे पूर्णतः निराधार होते असे नाही. परंतु या हट्टाच्या मुळाशी एक गोष्ट स्पष्ट आहे. रमाबाईंनी सत्यापुढे मान तुकविण्याचे मान्य केले होते, संस्थेपुढे नव्हे, आणि या दोहोंतील फरक समोरच्यांना दिसत नव्हता.

आठ वर्षांनंतर

अमेरिकेतील वास्तव्य, १८८७ सालचे 'द हायकास्ट हिंदू वुमन', बोस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन या घटनांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. बाहेरून पाहता रमाबाई यशस्वी होत्या. त्या ख्रिस्ती होत्या, प्रार्थना करीत होत्या, सेवाकार्यात गढून गेल्या होत्या. तरीही काहीतरी रिकामे होते.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ टेस्टिमनी' या पुस्तिकेत त्यांनी या रिकामपणाचे विश्लेषण केले आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानेच नवा जन्म होतो व पापक्षालन होते, अशी शिकवण त्यांना मिळाली होती. ती त्यांनी प्रामाणिकपणे स्वीकारली. मात्र स्वतःकडे पाहता पाप जिथल्या तिथे होते. याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे संस्कारांवर भिस्त ठेवणारे पाद्री. १८५१ साली कॉर्नवॉलमधील आपल्याच चर्चमध्ये प्रवचन देत असता त्यांना स्वतःलाच अंतःपरिवर्तनाचा अनुभव आला. उपदेशक स्वतःच्या उपदेशाने पालटला, ही घटना चमत्कारिक खरी. रमाबाईंना तिच्यात आपले प्रतिबिंब दिसले असल्यास नवल नाही, कारण त्याही संस्कारांच्या वाटेनेच आल्या होत्या आणि दुसऱ्यांना मार्ग दाखविण्याच्या स्थानावर बसल्या होत्या.

१८९१ च्या सुमारास त्यांना जी जाणीव झाली ती एका वाक्यात सांगता येते : जे मिळविण्यासाठी आपण धडपडत आहोत ते मिळवावयाचे नसून घ्यावयाचे आहे. तारण हे देणगी आहे. पात्रता सिद्ध करून ते पदरात पडत नाही. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काहीच वाटणार नाही. परंतु रमाबाईंच्या बाबतीत ही शिकवण एका विशिष्ट जखमेवर पडली होती. लहानपणी पुण्याचा संचय तीर्थांच्या मार्गे होत होता. वाँटेजनंतर तोच संचय संस्कार, नियम आणि सेवा यांच्या मार्गे सुरू राहिला. देव बदलला, हिशेबाची वही तीच राहिली. १८९१ साली जे घडले ते वही मिटण्याचे होते. या अर्थाने रमाबाईंची पहिली उपरती हिंदू धर्माकडून ख्रिस्ती धर्माकडे झाली, तर दुसरी ख्रिस्ती धर्माच्या आतच, साधनेच्या एका रीतीकडून दुसरीकडे झाली. दुसरीला समाजाने नाव दिले नाही, कारण तिने कोणाची जात गेली नाही की पंगत मोडली नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. 'साक्ष' हा इव्हॅन्जेलिकल परंपरेतील ठराविक घाटाचा लेखनप्रकार आहे : आधीचा अंधार, मधला शोध, निर्णायक क्षण, नंतरचा आनंद. सोळा वर्षांनंतर, आणि तेही मुक्ती सदनातील मोठ्या जागृतीनंतर लिहिताना रमाबाईंनी आपला पूर्वानुभव या घाटात बसविला असणे शक्य आहे. १८९८ साली इंग्लंडमधील केस्विकच्या अधिवेशनाला त्या गेल्या होत्या, त्या चळवळीची परिभाषा त्यांच्या लेखनात दिसते. तथापि घाट उसना असला म्हणून अनुभव उसना ठरत नाही. १८८५ च्या पत्रांतील अस्वस्थता त्या घाटाच्या परिचयापूर्वीची आहे, आणि १९०७ च्या निवेदनाशी ती जुळते. शिवाय १८९१ नंतर त्यांच्या वागण्यात जो फरक पडला त्याला बाहेरचा पुरावा आहे.

उघडे दार

शारदा सदनाची स्थापना धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर झाली होती. मुंबईत व पुण्यात सल्लागार मंडळे होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या व्यक्तींनी आपली प्रतिष्ठा या संस्थेच्या पाठीशी उभी केली होती. १८९० साली सदन पुण्यास आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, उठविलेही नाही.

'केसरी'ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. या वादात पुण्याच्या समाजाला केवळ कर्मठ ठरवून मोकळे होणे न्याय्य नाही. आपल्या विधवा मुलींना तेथे पाठविण्याचे धाडस ज्यांनी लोकनिंदा सोसून केले त्यांचा विश्वास एका शब्दावर होता, आणि तो शब्द पाळला गेला नाही, अशी त्यांची भावना झाली. रमाबाईंची बाजू अशी, की तटस्थता म्हणजे स्वतःची श्रद्धा लपविणे नव्हे, आणि कोणत्याही घरातील आई देवपूजा करताना दार लावून घेत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मात्र १८८९ साली जे दार उघडे ठेवण्याची निकड रमाबाईंना तितकीशी भासली नसती, ते बंद करणे १८९१ नंतर त्यांना अशक्य झाले. संस्थाचालक म्हणून ही कदाचित चूक असेल. परिवर्तनाचा परिणाम म्हणून पाहिल्यास ती अपरिहार्य होती. त्याची किंमत त्यांनी दिली : महाराष्ट्रातील सुधारकांशी असलेला त्यांचा जिव्हाळ्याचा धागा यानंतर पूर्ववत् जुळला नाही.

त्याच काळातील नारायण वामन टिळकांचा मार्ग येथे तुलनेसाठी आठवतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेले टिळकही बाप्तिस्म्यापाशी थांबले नाहीत. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. टिळक तुकारामाच्या हाताला धरून ख्रिस्ताकडे आले, रमाबाई पूर्वपरंपरेशी भांडत आल्या. परंतु मंडळीची नोंदवही आणि अंतःकरणाची स्थिती या दोन भिन्न गोष्टी होत, हे दोघांनाही उमगले होते.

केडगाव, १९०५

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगाव येथे जी वसाहत उभी राहिली ती मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. यांतील बहुसंख्य स्त्रियांनी उपासमार, मृत्यू आणि विटंबना जवळून पाहिली होती. त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु अन्न देणाऱ्याचा धर्म घेणे आणि अंतःकरणातून पालटणे यांतील अंतर रमाबाईंना स्वानुभवाने ठाऊक होते. त्यामुळे बाप्तिस्म्यांच्या संख्येवर त्या समाधानी नव्हत्या.

वेल्समधील धार्मिक जागृतीच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विशेष प्रार्थनेचे आवाहन केले. आरंभी सुमारे सत्तर जणी रोज एकत्र येऊ लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला. तिच्याबरोबरची मुलगी पाण्याची बादली आणण्यास धावली आणि मग प्रत्यक्षात काहीच पेटलेले नाही हे तिच्या ध्यानी आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांत पद्धतीने बोलत असता सर्व मुली मोठ्याने रडू व प्रार्थना करू लागल्या. त्यांना बोलणे थांबवावे लागले. पुढील अनेक महिने वर्ग आणि कामकाज या लाटेने व्यापले. सदनातील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि केडगावचे नाव जगभर पोहोचले.

या घटनांचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण देता येईल. दुष्काळात जे रडणे राहून गेले ते येथे सामुदायिक रूपाने बाहेर पडले, असे म्हणण्यास जागा आहे. पण केवळ तेवढेच म्हटले तर त्या स्त्रियांनी स्वतः जे सांगितले त्याची दखल राहून जाते. पापांची कबुली, चोरलेल्या वस्तू परत करणे, भांडणे मिटविणे, आणि गटागटाने आसपासच्या खेड्यांत जाणे, अशा नोंदी आहेत. आरडाओरड असभ्य आहे, अशी टीका काही युरोपीय मिशनऱ्यांनी केली. रमाबाईंनी ती मानली नाही. या देशातील माणसे आपल्या रीतीने रडतील व आपल्या रीतीने आनंद करतील, त्यांना पाश्चात्त्य शिस्तीत कोंबण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र अन्य भाषांत बोलणे हेच पवित्र आत्म्याच्या संचाराचे एकमेव चिन्ह होय, हा आग्रह त्यांनी स्वीकारला नाही. प्रेम आणि आचरण यांना त्यांनी अधिक महत्त्व दिले. वाँटेजमध्ये संस्कारांच्या बाबतीत जी चूक त्यांना जाणवली होती, म्हणजे चिन्हालाच वस्तू मानण्याची, तीच येथे नव्या स्वरूपात डोके वर काढत असल्याचे त्यांनी ओळखले असावे.

पेच मात्र कायम राहिला. देणगी असेल तर सहा महिने रोज एकत्र जमून मागण्याचे प्रयोजन काय? रमाबाईंच्या लेखनात याचे सैद्धांतिक उत्तर शोधू गेल्यास निराशा पदरी येते. त्यांच्या आचरणात मात्र ते दिसते. शेतकरी नांगरतो, पेरतो आणि पावसाची वाट पाहतो. नांगरल्यामुळे पाऊस येतो असे तो मानीत नाही. केडगावच्या कोरडवाहू माळरानावर विहिरी खणून शेती उभारणाऱ्या बाईंना हे वेगळे समजावून देण्याची गरज नव्हती.

अखेरची अठरा वर्षे

१९०५ च्या जागृतीचा आवाज ओसरला. त्यानंतर रमाबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या कामात गेला ते नेमके उलट प्रकृतीचे होते. उपलब्ध मराठी बायबलची भाषा ग्रामीण स्त्रियांच्या पचनी पडत नाही, आणि तिच्यातील अनेक संस्कृत शब्द जुन्या दर्शनांचे अर्थ बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून साठीच्या दिशेने वाटचाल करीत असता त्यांनी ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. ते सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातील स्त्रिया करीत; त्यांतील कित्येकजणी केडगावला आल्या तेव्हा निरक्षर होत्या.

संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द एकेक करून वगळावेत आणि कुणब्याच्या घरातील बाईला कळेल असा शब्द शोधावा, यात भाषिक धोरणापलीकडचे काही आहे. ज्या विद्येने मान मिळवून दिला तीच बाजूला सारण्याचे हे काम होते, आणि ते रोज, प्रत्येक ओळीला करावे लागत होते. या भाषांतराला साहित्यिक यश लाभले असे म्हणता येत नाही. मराठी चर्चमध्ये ते सार्वत्रिक झाले नाही, आणि त्यातील वाक्यरचना जागोजागी मूळ भाषांना इतकी चिकटून राहते की मराठी कानाला ती अडखळते. जाणकारांनी हे दोष दाखविले आहेत.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वाँटेजमध्ये आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली, सदनाचा भार खांद्यावर घेतलेली ही एकुलती कन्या चाळीस वर्षांची होती. त्यानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा अखेरची मुद्रिते तपासून झाली होती असे सांगितले जाते. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.